आधी बसची पाटी वाचू

मंडळी, लोकल आणि मेट्रो सोडून मुंबईत फिरायचं कसं, हा आजचा विषय. पूर्व-पश्चिम प्रवास, तिकीट आणि शेवटी जलमार्ग असा क्रम ठरला आहे. पण सुरुवात पाटीपासून करतो, कारण नवख्याची बस बहुतेकदा पाटीपाशीच चुकते.

१५ जुलै १९२६ ला मुंबईतली पहिली बस धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आज त्याच मार्केटला जायचं तर 'महात्मा फुले मंडई' शोधावी लागते. नावं बदलली याचं मला वाईट वाटत नाही, माणसं मोठीच होती. दुखतं ते हे, की तोंडातलं नाव आणि पाटीवरचं नाव यांची गाठ कुठेच घालून दिलेली नाही. अंधेरी स्टेशन पूर्वेची बस 'आगरकर चौक' म्हणते. शीवसाठी 'राणी लक्ष्मीबाई चौक', दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमापाशी 'वीर कोतवाल उद्यान', रीगल सिनेमासाठी 'डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक', ऑपेरा हाऊससाठी 'पंडित पलुस्कर चौक'. सात रस्ता म्हणजे 'संत गाडगे महाराज चौक', आणि मोनोरेलच्या टोकाच्या स्थानकालाही तेच नाव. अंधेरीला निघालेला माणूस आगरकर चौकाच्या बस डोळ्यांसमोरून जाऊ देतो आणि शेवटी रिक्षाला हात करतो. चौकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत स्टेशनचं नाव लिहा, एवढंच माझं मागणं आहे. तोवर ही सहा नावं लिहून घ्या. हो, आत्ताच घ्या, मी थांबतो.

आता आकडे. पुढच्या पाटीवर देवनागरी, दाराजवळ इंग्रजी. आपल्या घरातल्या इंग्रजी शाळेच्या मुलांना लांबून १ आणि ९ यांतला फरक कळत नाही, त्यांना दाराजवळची पाटी बघायला शिकवा. आकड्याआधी 'ए' असेल तर बस वातानुकूलित. 'मर्यादित' असेल तर ती मधले बरेच थांबे सोडते, तेव्हा आपला थांबा ती घेते का, हे चढण्यापूर्वी कंडक्टरला विचारा. मार्गाबद्दल शंका असेल तर बसचौकीत बसून बस सोडणाऱ्या स्टार्टरला विचारावं. कुठली बस आगारात चालली आहे आणि कुठली पुढे जाणार, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पुढचं भराभर.

मुंबईतले रेल्वेमार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण आहेत. आडवं जायचं तर बस. पवईला तर रेल्वे स्टेशनच नाही. तिथे कांजूरमार्ग, विक्रोळी किंवा अंधेरीहून बसनेच जायचं. दादरला जाऊन उलटं येण्यापेक्षा जोगेश्वरी-विक्रोळी किंवा सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याची बस बघा.

बराच वेळ बस नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन लागोपाठ, हे का होतं? पहिलीला उशीर झाला की प्रत्येक थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साठतात, चढ-उतारीत ती आणखी मागे पडते. मागचीला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती पुढचीला गाठते. तेव्हा पहिली खच्चून भरलेली असेल तर चलो अॅपवर मागची कुठे आहे ते पाहा. जवळ असेल तर पहिली सोडा, मागचीत बसायला मिळेल.

मे २०२५ पासून किमान भाडं साधं १० रुपये, वातानुकूलित १२. वरचे दोन रुपये सुटे ठेवा, नाहीतर अॅपवर तिकीट काढा.

आणि पाणी. वर्सोव्याहून मढला नावेने काही मिनिटं लागतात; रस्त्याने मालाड-मार्वेचा मोठा वळसा. अलिबागकडे जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट साधारण तासाभरात, गाडीसकट नेते. गेटवेच्या मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रो तेव्हाही चालते, पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवशीचं वेळापत्रक बघा.