भिंतीत एक रिकामा पाइप सोडा

(कोल्हापुरात नवीन घर बांधणाऱ्या आणि जुनं घर दुरुस्त करणाऱ्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच जरा हात वर करायला लावतो. ज्यांच्या घरातला राउटर चपलांच्या रॅकवर किंवा दारामागच्या खिळ्याला आहे, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. आता ज्यांच्या मागच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर वायफायची रेंज जाते, त्यांनी करा. तेच हात! माझं निम्मं भाषण तुम्हीच करून टाकलंत.

घरं, दवाखाने, शाळा अशा ठिकाणी नेटवर्कच्या केबली ओढायचं माझं काम. त्या कामातून मनात पक्की बसलेली एकच गोष्ट सांगायला आज आलोय. वायफाय घरभर नीट पोहोचवायचं असेल तर भिंतीच्या आत तार पाहिजे. आणि ती तार कुठून जाणार, हे घराचा नकाशा काढतानाच ठरलं पाहिजे. पाण्याची लाइन नकाशात असते, ड्रेनेजची असते, लाइट फिटिंगची असते. इंटरनेट मात्र वास्तुशांतीचं जेवण झाल्यावर आठवतं. तो नकाशा कसा करायचा, हा आजचा मुख्य विषय. त्याआधी एका घराची हकीकत ऐका, कारण आपल्या पेठांमधल्या बहुतेक घरांची तीच हकीकत आहे.

मंगळवार पेठेतलं घर. पुढचा सोपा आणि माजघर आजोबांच्या काळातलं, भिंती दगडमातीच्या, खिडकीत पाय दुमडून आरामात बसता येईल एवढ्या जाड. मागच्या बाजूला नंतर आरसीसीचं बांधकाम झालं, त्यावर दोन खोल्या चढल्या. राहणारे चौघं: मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. सूनबाई पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतात, वरच्या मागच्या खोलीत.

फायबर कनेक्शन द्यायला कंपनीचा माणूस आला. सोप्याच्या खिडकीतून केबल आत घेतली, दारामागं डबा, म्हणजे राउटर, टांगला, हिरवा दिवा लागल्याचा फोटो काढला. मावशी म्हणाल्या, "आरं पोरा, काम करणारी वर बसती, डबा हितं कशाला?" तो म्हणाला, "मावशी, केबल आत येती तिथंच डबा लावायचा, आमचं काम तेवढंच. पुढचं तुमचं तुम्ही बघा." या "तुमचं तुम्ही बघा"वर माझा मनापासून राग आहे. त्या पोरावर नाही, त्याला दिवसभरात ढीगभर घरं उरकायची असतात. राग आहे तो गिऱ्हाइकाला उंबऱ्यात सोडून देणाऱ्या पद्धतीवर. नळाचं कनेक्शन दारापर्यंत आणून दिलं आणि आत बादल्यांनी न्या म्हणून सांगितलं, तर आपण चालवून घेऊ का?

मग काय झालं? सूनबाई खाली जिन्याच्या वळणावर बसायला लागल्या. तिथं तीन काड्या दिसायच्या. मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन, शेजारून नातू दप्तर घासत वर-खाली. खाली मिक्सर सुरू झाला की यांनी मीटिंगमध्ये माईक बंद करायचा. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडून सल्ला आला, मोठा प्लॅन घ्या. पन्नास एमबीपीएस वेगाचा होता, तो दोनशेचा केला. डब्याशेजारी उभं राहून मोजलं तर दोनशेच्या आसपास भरलं. वरच्या खोलीत जे चारपाच यायचं, ते चारपाचच राहिलं. बिल तेवढं वाढलं. मग कुणीतरी रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढं देणारा छोटा डबा, आणायला सांगितलं. तो आणला आणि लावला कुठं? वरच्या खोलीतच, जिथं रेंज नव्हती तिथं. मोबाइलवर काड्या भरल्या, सगळ्यांना आनंद झाला, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये चित्र गोठलं.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण ही चूक घरोघरी होते. रिपीटर स्वतः इंटरनेट तयार करत नाही. जे त्याच्यापर्यंत पोहोचतं, तेच पुढं देतो. त्याच्यापर्यंतच क्षीण सिग्नल आला तर क्षीणच पुढं जाणार. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणजे तोच मजकूर हवेतून दोनदा जातो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. मोबाइलवरच्या काड्या तुमच्या आणि रिपीटरच्या मधलं अंतर सांगतात. रिपीटर आणि मूळ राउटर यांच्यात काय चाललंय, त्याचा त्यांना पत्ताच नसतो.

तर, मी त्या घरी गेलो. मोबाइलवर सिग्नल मोजायची फुकट ॲप मिळतात, तेवढ्यानं काम भागतं. आकडा उणे डीबीएममध्ये येतो, हे सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढा सिग्नल चांगला. उणे पन्नासच्या आसपास म्हणजे उत्तम, उणे सदुसष्टपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ऐंशीच्या खाली गेलात की आशा सोडायची. डब्याजवळ उणे अठ्ठेचाळीस होतं. माजघरात उणे त्रेसष्ट. वरच्या खोलीत उणे चौऱ्याऐंशी. हे मोजमाप फसवं असतं. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, दर दहा आकड्यांना एक दशांश. अठ्ठेचाळीसवरून चौऱ्याऐंशीवर जाणं म्हणजे ताकद साधारण चार हजार पटींनी कमी होणं. प्लॅन दोनशेचा घ्या नाहीतर हजाराचा, तो मधे उभ्या असलेल्या भिंतीला कळत नाही.

आणि मधे काय काय होतं? माजघराची दगडी भिंत. मग पाठीला पाठ लावलेली दोन लोखंडी कपाटं, त्यातल्या एकाच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा. आरशाच्या मागचा मुलामा धातूचा असतो, तो लहरी परतवून लावतो. त्यावर सळयांच्या जाळीचा स्लॅब. शेवटी न्हाणीघरावरची पाण्याची टाकी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि अन्नातलं पाणी तापवतो, तेव्हा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात का खपतात, हे वेगळं सांगायला नको.

लहर अडते म्हणजे काय, हे जगाला सांगावं लागेल, कोल्हापूरकराला नाही. किरणोत्सव आपण वर्षातून दोनदा बघतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांना, मग वर चढत चढत शेवटच्या दिवशी मुखापर्यंत. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी किरणांची वाट आधी आखली आणि मग दगड रचले! आणि आज आपण दरवर्षी काय वाचतो? वाटेत बांधकामाचा अडथळा, हवेत धूळ, ढग आले, किरणं मुखापर्यंत गेली नाहीत. सूर्याचा उजेड आणि वायफायची लहर एकाच जातीची, दोन्ही विद्युतचुंबकीय लहरी. फरक एवढाच की उजेडाला भिंत पुरती अडवते, वायफायला अर्धवट. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ती भिंतीतून बऱ्यापैकी निभावते. ५ गिगाहर्ट्झची साधारण सहा सेंटिमीटर, ती वेग जास्त देते पण भिंतीपुढं लवकर दमते.

आणि हो, आपल्या देशाला ही विद्या नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती, मधे भिंती असताना. वायफायचं पहिलं मानक १९९७ सालचं, म्हणजे त्यानंतर शंभर वर्षांनी! शाळेतल्या मुलांना हे आवर्जून सांगा.

परत मंगळवार पेठेत येऊ. मी मावशींना म्हणालो, सोप्यातल्या डब्यापासून माजघरातल्या तुळईच्या कडेनं एक केबल नेतो, जिन्याच्या कोपऱ्यातून वर काढतो आणि वरच्या बोळात, दोन्ही खोल्यांच्या मधे, दुसरा डबा लावतो. मावशी म्हणाल्या, "भित्तीला भोक पाडणार व्हय? ही भित्त आमच्या मामंजींनी बांधलीया." त्यांचं बरोबर होतं. दगडाच्या जुन्या भिंतीत ड्रिल घालताना माझाही हात सावकाश चालतो. शेवटी मामंजींच्या भिंतीला हात न लावता दाराच्या चौकटीच्या वरच्या फटीतून केबल नेली. आरसीसीच्या बाजूला मात्र स्लॅबला भोक पाडावं लागलं, फरशी उचकटावी लागली. वरच्या खोलीत आकडा उणे बावन्नवर आला आणि दोनशेच्या प्लॅनचे जवळपास दोनशे तिथं मिळायला लागले. सूनबाई खुर्चीवर बसल्या. मावशींनी विचारलं, "येवढंच हुतं व्हय? मग बांधताना का न्हाई केलं?"

मंडळी, मावशींचा हा प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवायला आलोय. त्या घराचा स्लॅब पडला तेव्हा सेंट्रिंगवर लाइटचे पाइप अंथरले होतेच. त्यातच एक रिकामा पाइप जास्तीचा पडला असता तर खर्चात तो जाणवलाही नसता. मग फरशी उचकटावी लागली नसती, आणि सूनबाई जिन्यावर बसल्या नसत्या. घरून काम करणाऱ्या बाईला घरातच नीट जागा मिळू नये, आणि तीही एका पाइपाअभावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या घरांमध्ये खोली तिची नसते, टेबल तिचं नसतं, निदान सिग्नल तरी तिच्यापर्यंत पोहोचू द्या.

व्यवस्थापकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. नकाशाचा भाग राहिलाय, तो भरभर सांगतो. लिहून घ्या.

फायबर घरात कुठून येणार ते आधी ठरवा. तिथं भिंतीत पुस्तकाच्या कप्प्याएवढी जागा ठेवा, शेजारी लाइटचा पॉइंट द्या आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट गेली तरी डबा चालू राहतो. लाइटच्या लोखंडी डीबीत, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, राउटर कोंबू नका, सिग्नल तिथंच कोंडतो. या जागेपासून प्रत्येक मजल्याच्या मध्यावर, बोळाच्या किंवा हॉलच्या छतापर्यंत, एक पंचवीस मिलिमीटरचा पाइप न्या. आणखी एक टीव्हीच्या मागं, एक अभ्यासाच्या टेबलाशी. लाइटच्या वायरी त्या पाइपात घालू नका, आणि दोन्ही पाइप शेजारीशेजारी लांबवर नेऊ नका, जिथं ओलांडायचं तिथं काटकोनात ओलांडा. कोपऱ्याला काटकोनी एल्बो न घालता लांब वळणाचा बेंड घाला, नाहीतर केबल अडकते.

केबल कॅट सिक्स घ्या, पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. शंभर मीटरपर्यंत केबल बिनधास्त चालते, आपल्या घरांना त्याच्या जवळपासही जावं लागत नाही. जॅक लावताना आठही तारा लावून घ्या. सीसीटीव्हीच्या सवयीनं काही जण चारच तारा जोडतात. मग लाइन शंभर एमबीपीएसवर अडकते आणि दोष कंपनीच्या माथी जातो.

मजल्यावर जो दुसरा डबा लावायचा तो ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलनं आलेलं इंटरनेट वायफायनं पसरवणारा डबा, असला तर उत्तम. छताला लावायचे जे येतात, त्यांना वीजही त्याच केबलमधून देता येते. जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा, नसेल तर त्यातलं डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम, बंद करा आणि केबल लॅन पोर्टात जोडा. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडं एकच ठेवा, चॅनेल मात्र वेगवेगळे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हेच एकमेकांत मिसळत नाहीत, आणि पेठेत शेजारचे सगळे राउटर तुमच्या घरात डोकावत असतात, तेव्हा शेजाऱ्यांचा कुठला चॅनेल आहे तो ॲपमध्ये बघून आपला ठरवा.

भाड्याच्या घरात किंवा जुन्या वाड्यात झिरी मारता येत नसेल तर केसिंग पट्टीतून केबल न्या, पांढऱ्या भिंतीवर ती डोळ्यात भरत नाही. तेही जमत नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी हवेतूनच बोलणाऱ्या डब्यांचा संच, घ्या, पण दुसरा डबा रेंज संपते तिथं ठेवू नका, अजून चांगली आहे तिथं ठेवा. आणि एवढ्यातलं काहीच करायचं नसेल, तर आज घरी जाऊन राउटर चपलांच्या रॅकवरून उचला, फायबरची पुरवणी घेऊन घराच्या मध्यावर, छातीच्या वर, उघड्यावर ठेवा. फायबरची केबल मोडेल अशी दुमडू नका. अँटेना उभ्या ठेवा, कारण लहर दांडीच्या टोकाकडून नाही, कुशीकडून पसरते. वर मजला असेल तर एक अँटेना आडवी करा.

शेवटचं, आणि हे वायरमनला आजच सांगा. रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं बांधून ठेवा, पुढं केबल बदलायची झाली की त्याच दोरीला बांधून ओढता येते. आणि गिलावा चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, आणि स्लॅब ओतायच्या आधी सेंट्रिंगचा, टेप लावून फोटो काढा, म्हणजे पाइप कुठून गेलाय ते मोजून सांगता येतं. आता प्रश्न विचारा. ज्यांनी नकाशे आणलेत त्यांनी पुढच्या टेबलाशी या.