बारा पस्तीसची सावली

[दृश्य : लालबागमधल्या एका चार मजली इमारतीची गच्ची. १५ मे. दुपार.]

मे महिन्यातली मुंबईची गच्ची. एका कोपऱ्यात जुन्या धोतरावर कुरडया, दुसऱ्या कोपऱ्यात पापड. राखणीला आजी. तिची जागा ठरलेली असते, पाण्याच्या काळ्या टाकीच्या सावलीत. सकाळी टाकीच्या पश्चिमेला, दुपार कलली की पूर्वेला. सावली सरकेल तशी चटई सरकते.

आज साडेबारा वाजले आणि चटईला जागाच उरली नाही. सावली आहे, पण ती सगळी टाकीच्या खाली, लोखंडी स्टँडच्या पायांमध्ये जाऊन बसली आहे. तिथे फार तर मांजर मावेल.

"आज हिला झालं काय?" आजी विचारते.

माझी भाची सातवीत आहे. ती याच प्रश्नाची वाट बघत होती. "आजी, आज शून्य सावली!"

"म्हणजे चटई घेऊन खाली जायचं ना मी?" आजी म्हणाली. आणि गेलीही.

[दृश्य : गच्चीवरून दिसणारं लालबाग. आवाजात फक्त रस्ता आणि कावळे.]

'सूर्य डोक्यावर आला, अजून उठत नाही', हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने सुट्टीत ऐकलेलं आहे. पण खरोखरचा सूर्य, खरोखर डोक्यावर, म्हणजे ओळंबा सोडला तर त्याच्या दोरीच्या सरळ रेषेत वर, असा मुंबईत वर्षातून दोनदाच येतो. तेव्हा उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते, हीच शून्य सावली. एकदा मेच्या मध्यावर, एकदा जुलैच्या शेवटी. दिल्लीत तो असा कधीच येत नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे सूर्य उत्तरेकडे कर्कवृत्तापर्यंत जातो आणि तिथून माघारी फिरतो. कर्कवृत्ताच्या अलीकडच्या गावांना तो जाताना भेटतो आणि येतानाही. मुंबई १९ अंशांवर, म्हणजे अलीकडेच. मेच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्ग, १३-१४ तारखेला पुणे, मग मुंबई, आणि २६ तारखेच्या आसपास नागपूर. एस्टीच्या लाल डब्यासारखा गाव घेत घेत तो वर सरकत असतो.

आता यातली गंमत बघा. मुंबईच्या शाळेला हे दाखवायची संधी वर्षातून दोनदा मिळते. पहिली येते तेव्हा शाळेला सुट्टी आणि अर्धा वर्ग कोकणात आंबे खातोय. दुसरी येते तेव्हा शाळा सुरू असते, वर्ग भरलेला असतो, आणि आकाश बंद! त्यामुळे या शहरातली मुलं शून्य सावली शिकतात ती चित्रात.

चित्रावरून आठवलं. शाळेत असताना चाचणीत एक प्रश्न होता : 'दुपारी बारा वाजता आपली सावली सर्वांत लहान असते. चूक की बरोबर?' मी 'चूक' लिहिलं. कारण आमच्या चाळीच्या अंगणातल्या खांबाची सावली बारानंतरही लहान होत राहायची, ती मी पाहिली होती. मार्क गेला. कोणती शाळा ते सांगत नाही, पण तो अर्धा मार्क माझा अजून येणं आहे.

[दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं घड्याळ. कॅमेरा वळून समोरच्या महापालिका इमारतीकडे.]

माझी बाजू मांडायला आधी या चौकात यावं लागेल.

आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची. मुंबई जवळजवळ ७३ अंशांवर, म्हणजे पावणेदहा अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. गुणाकार करा, ३९ मिनिटं येतात. म्हणजे घड्याळात बाराचे टोल पडतात तेव्हा मुंबईच्या सूर्याला डोक्यावर यायला अजून अर्धा तास, पाऊण तास असतो.

हा हिशेब मुंबईकरांना एकेकाळी पाठ होता. १ जानेवारी १९०६ला नवी प्रमाणवेळ लागू झाली तोवर मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. कुलाब्याला १८२६मध्ये वेधशाळा उभी राहिली तीही मुळात आकाशाचे वेध घेऊन जहाजांसाठी वेळ राखायलाच. (हीच वेधशाळा पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींसाठी नावाजली, आणि शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४मध्ये तिचं ते काम अलिबागला गेलं. तो एक स्वतंत्र भाग होईल, आज नाही.)

तर, सरकारने घड्याळं ३९ मिनिटं पुढे सारली आणि मुंबई चिडली. सकाळी ३९ मिनिटं आधी उठायचं, तेही अलाहाबादच्या जवळपासच्या कुठल्या तरी रेषेसाठी? गिरणी कामगारांनी निदर्शनं केली. महापालिकेने आपली जुनी 'मुंबई वेळ' सोडलीच नाही. रेल्वे प्रमाणवेळेवर, महापालिका मुंबई वेळेवर, आणि रस्ता ओलांडला की ३९ मिनिटांचा फरक. हा प्रकार थेट १९५५पर्यंत चालला. उशिरा येणाऱ्या कारकुनाला याहून चांगली सबब पुढे कधी मिळाली नसेल.

बरं, हे ३९ मिनिटंही वर्षभर सारखे नसतात. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य कधी पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईचा मध्यान्ह १२:२२ला होतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५३ला. १५ मेला १२:३५. बाराच्या ठोक्याला? एकदाही नाही. अर्धा मार्क!

[दृश्य : पुन्हा गच्ची. फळीवर उभा प्लास्टिकचा पांढरा पाइप. कॅमेरा जमिनीलगत.]

आमची वेधशाळा अशी. ड्रॉइंगचा बोर्ड, त्यावर पांढरा कागद. मधोमध अर्ध्या इंचाचा नळाचा पाइप, बरोबर एक मीटर कापलेला. पाइपच्या तळाशी बोटभर खिडकी, गरम सुरीने पाडलेली. तिचं कारण पुढे येईल.

पाइप सरळ उभा करणं हेच खरं काम. गच्चीला पावसाचं पाणी जावं म्हणून उतार असतो, डोळ्यांना तो कळत नाही. बोर्ड एक अंशाने जरी कलला तरी मीटरभर पाइपची सावली पावणेदोन सेंटीमीटर खोटी पडते. दुसऱ्या मजल्यावरचे काका गवंडीकाम करतात. त्यांनी पिशवीतून पितळी ओळंबा काढला, एक डोळा मिटून पाइपच्या दोन बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "हिकडं दाबा." वर्तमानपत्राच्या दोन घड्या बोर्डाखाली गेल्या. पुन्हा एक डोळा. "आता ऱ्हाऊ द्या."

काठी उभी करून सावली मोजायची ही रीत आपल्याकडे फार जुनी. तिला शंकू म्हणत. यज्ञवेदी मांडायला दिशा हव्यात, तर शंकूभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. शुल्बसूत्रांत ही कृती आहे. भाचीने सकाळपासून तेच केलं होतं, पेन्सिलीने.

१२:२५. सावली पूर्णपणे आटलेली नाही, चार सेंटीमीटर पश्चिमेला आहे.

१२:३०. दोन.

इथे एक गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती, आणि मी या विषयावर तीन वर्षं बडबड करतोय. सूर्य डोक्याजवळ असताना एका मिनिटात जेवढा पश्चिमेला सरकतो, जवळपास तेवढाच या दिवसांत तो उत्तरेला सरकायला पूर्ण एक दिवस घेतो. दोन्हीचा परिणाम कागदावर सारखाच, चार मिलिमीटर. म्हणजे या पाइपला एक मिनिटाची चूक आणि एका दिवसाची चूक सारखीच मोठी दिसते. फक्त दिशा वेगळी.

१२:३४. सावलीचं टोक आता धूसर आहे. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड जवळपास नऊ मिलिमीटर पसरट होते. भाची त्या पसाऱ्याच्या मधोमध टिंब देते.

१२:३५.

[दृश्य : पाइपच्या तळाची खिडकी, अगदी जवळून. आत अचानक प्रकाशाचा गोल. दहा सेकंद निवेदन नाही.]

पाइपभोवती कागद कोरा. आणि खिडकीतून आत पाहिलं तर तळाशी उजेड. मीटरभर खोल अंधाऱ्या नळीत वरून ऊन थेट उतरलंय.

सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सायीनी गावच्या विहिरीत असंच ऊन तळाला पोचतं, असं एरॅटोस्थेनिसला कळलं होतं. त्याच दिवशी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची, ७.२ अंशांची. वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांतल्या अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा घेर. आमच्याकडे विहीर नाही, पाइप आहे. आणि दुसरं गाव?

दुसऱ्या गावाची सोय मे महिन्यानेच केली. माझा मुलगा सुट्टीला सावंतवाडीला आहे.

[दृश्य : मोबाइलवरचा व्हिडिओ. लाल मातीचं खळं, सारवलेलं. मधोमध मीटरभर काठी.]

त्याचा मध्यान्ह आपल्या चार मिनिटं आधी, १२:३१ला. सावंतवाडी मुंबईच्या एक अंश पूर्वेला आहे. व्हिडिओत मागून त्याच्या आजीचा आवाज येतो, "उन्हात काय करतंस रे?" तो उत्तर देत नाही, पट्टी धरून ओणवा बसलाय. मग फोन.

"आत्तेबहिणीला दे. साडेपाचला एक कमी."

"म्हणजे ५.४ ना? कुठल्या बाजूला?"

"दक्षिणेला."

"उत्तरेला असेल."

"अगं दक्षिणेला! समुद्र उजवीकडे आहे माझ्या, कळतंय मला."

बरोबर होतं त्याचं. सावंतवाडीला सूर्य दहा-बारा दिवसांपूर्वीच ओलांडून उत्तरेला आला आहे, मग सावली दक्षिणेलाच. आपल्याकडेही उद्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडेल, फक्त ती बघायला ऊन हवं. एरवी ती उत्तरेला असते. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही याच पाइपची सावली उत्तरेकडे ९१ सेंटीमीटर भरते.

मीटरभर काठीला ५.४ सेंटीमीटर सावली, म्हणजे कोन ३.१ अंश. पूर्ण वर्तुळात असे ११६ कोन. आता लालबाग ते सावंतवाडी अंतर. भाचीने मोबाइलच्या नकाशावरचे पाचशेच्या घरातले किलोमीटर घेतले आणि पृथ्वी दीडपट फुगली. कशेडी घाटाची वळणं पृथ्वीच्या घेरात धरायची नसतात. सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३४२ किलोमीटर. ११६ गुणिले ३४२, उत्तर ३९ हजार ६७२. खरा घेर ४० हजारांच्या आसपास. एक नळाचा पाइप, एक काठी, गवंडीकाकांचा ओळंबा.

सावंतवाडीची आजी फोनवर आली तेव्हा तिला एवढंच हवं होतं : "पोरगो जेवाक कधी येतलो?"

[दृश्य : चर्चगेट स्थानक. बोरिवली स्लो सुटते आहे.]

संध्याकाळी एक आकडेमोड गंमत म्हणून केली. मेच्या मध्यावर सूर्य रोज सुमारे १४ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तरेला जातो. जमिनीवर ते अंतर २६ किलोमीटर. चर्चगेटहून आज निघालेली शून्य सावली बोरिवलीला उद्या पोचते. लोकलला जो प्रवास तासभराचा, त्याला सूर्य तीसेक तास घेतो. तेव्हा मुंबईचा शून्य सावली दिवस असा एक नाहीच. कुलाब्याचा वेगळा, दहिसरचा वेगळा.

[दृश्य : पाऊस. शाळेचं मैदान, डबकी. पत्र्यावर थेंबांचा आवाज.]

२८ जुलै. परतीचा सूर्य आज पुन्हा लालबागवर. या वेळी मध्यान्ह १२:४५ला. शाळा सुरू आहे, सावंतवाडीकर परतला आहे. बाईंनी दोन वर्गांना व्हरांड्यात उभं राहायची परवानगी दिली आहे, पण डबकी तुडवायची नाहीत या अटीवर. बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत. पाइप सकाळीच ओळंब्याने लावून ठेवलेला, त्याला छत्री.

१२:४०, ढग. १२:४५, ढग. एकाने डबा उघडला.

मग सिमेंटचं मैदान एकदम पांढरं झालं. छत्री बाजूला, पिशवी बाजूला, कागदावर सावली, तोकडी, पूर्वेकडे. भाचीने पट्टी लावली. अर्ध्या मिनिटात ढग मिटला.

"बारा मिलिमीटर," ती म्हणाली. "मिनिटाला चार. म्हणजे आपण तीन मिनिटं चुकलो."

सावंतवाडीकराने बाईंच्या मनगटाकडे मान वाकडी केली. बारा अठ्ठेचाळीस.