दहाच्या आत सावलीत

(पहाटेचा अंधार. हळदा घाट उतरणाऱ्या दोन गाड्यांचे दिवे.)

मराठवाड्यात डोंगर आहेत का, असं अजूनही लोक विचारतात. ज्यांना माहितीये त्यातले बहुतेक जण जुलै-ऑगस्टमध्ये येतात, धबधबे चालू असतात, गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, सगळं हिरवंगार. येऊ द्या, चांगलंच आहे. पण आमच्या ट्रेकिंग क्लबमधल्या जुन्या लोकांना विचाराल तर ते म्हणतील, अजिंठ्याची रांग बघायची ना, मग होळीच्या आसपास या. गवत वाळून बसलेलं असतं, झाडांची पानं गळालेली असतात, पायऱ्या, कातळात कोरलेली पाण्याची टाकी, तटातला एकेक दगड उघडा पडतो, आणि कुठला गड नेमका कशाच्या जिवावर उभा होता ते तेव्हाच समजतं. पाण्याच्या जिवावर. या व्हिडिओत आम्ही मुख्यतः तेच दाखवणार आहोत.

छत्रपती संभाजीनगरहून साडेतीनला निघायचं, फुलंब्री, सिल्लोड, मग उंडणगावकडं वळायचं, पुढं हळदा आणि घाट, असं शंभरेक किलोमीटर होतं. उजाडायच्या आत पायथ्याला पोचायचं हा नियम आहे आणि त्यात सूट नाही. मार्चच्या मध्यात इथं दुपारचा पारा पस्तीसच्या पुढं जातो, एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो, आणि काळा कातळ तर हवेच्या कितीतरी आधी तापतो, दहा वाजल्यानंतर त्याला हात लावून बघा म्हणजे कळेल. म्हणून क्लबचं वाक्य ठरलेलं, दहाच्या आत सावलीत. गड अर्धा राहिला तरी चालेल, माथा पाच मिनिटांवर असला तरी चालेल, दहाला मागं फिरायचं म्हणजे फिरायचं.

(उजाडतंय. खिंडीतून दिसणारे वेताळवाडीचे बुरूज.)

हा वेताळवाडीचा किल्ला, तालुका सोयगाव. घाटातल्या खिंडीत गाडी लावली की अर्ध्या तासात दरवाजाशी पोचतो. वाट सोपी वाटते पण या दिवसांत तिच्यावर जपून चालावं लागतं, कारण वाळलेलं गवत आडवं पडतं आणि त्याच्यावरून बूट सरळ घसरतो, त्याच्या खाली बारीक मुरूम, म्हणजे दुहेरी घसरण. नवीन पोरं पावसाळ्याच्या चिखलाला घाबरतात, पण आमच्याकडं मुरगळलेले पाय जास्त बघायला मिळतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. चढताना पंजावर भार द्या, उतरताना गुडघा थोडा वाकवून आख्खा तळवा टेकवा आणि गवताचा झुपका धरून उतरू नका, तो मुळासकट हातात येतो.

दरवाजाच्या दोन्ही बाजूला अंगावर येणारे बुरूज आहेत, वर शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, शिल्प आहे, ते बघायला सगळे थांबतातच. पण आमचे एक सर प्रत्येक वेळी नव्या लोकांना तिथून मागं वळून बघायला लावतात. आपण ज्या वाटेनं आलो ती सगळी वाट तटावरून दिसते, एकही वळण सुटत नाही. खाली खानदेशचं सपाट रान, वर मराठवाड्याचं पठार, आणि दोन्हीकडं जाणाऱ्या घाटावर नजर ठेवणारा हा गड. या रांगेच्या उत्तरेचं पाणी तापीला जातं आणि दक्षिणेचं गोदावरीला, म्हणजे तुम्ही धारेवर उभे राहून बाटली सांडली तर ते पाणी कुठल्या समुद्राला जाणार हे तुमच्या उभं राहण्यावर ठरतं. हे मला फार आवडतं, प्रत्येक वेळी आवडतं.

खालच्या उतारावर पळस पेटलाय. पान नाही एकही, नुसता केशरी. मधूनमधून पांगारा, आणि घळीत काटेसावर, तिच्या लालबुंद फुलांवर साळुंक्या-मैनांचा नुसता गोंधळ चाललेला असतो. पावसाळ्यात हे काहीच नसतं.

(गडमाथा. टाक्याजवळ शेळ्या, एक म्हातारे बाबा.)

हे टाकं बघा. पाणी तळाला गेलंय, त्यामुळं कातळात छिन्नीचे घाव कसे पडलेत ते उघडं पडलंय, तिरपे, एका अंगाला, ओळीनं. हात फिरवला तर आजही बोटाला धार लागते. पावसाळ्यात हे काठोकाठ भरलेलं असतं आणि लोक सेल्फी काढून पुढं जातात. गडावर शेळ्या घेऊन आलेले हे बाबा आम्हाला म्हणाले, "दादा, पानी घ्यायचं त घ्या, पन बाटली खोल बुडवू नका, गाळ वर येतो मंग शेळ्यायलाबी मिळत न्हाई. फडकं लावा तोंडाला." आणि स्वतःच्या डोक्याचं उपरणं काढून त्यांनी दाखवलं, बाटलीच्या तोंडावर दुहेरी घडी, बाटली आडवी धरायची, पाण्याच्या नुसत्या वरच्या पापुद्र्याला लावायची, हळूहळू भरू द्यायची. एक लिटर भरायला चार-पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ सगळे गप्प बसून बघत होते.

आम्ही टाक्यातलं पाणी पिण्यासाठी धरत नाही, प्रत्येकानं घरून चार लिटर आणायचं. जड होतं, हो, चार किलो वजन पाठीवर घेऊन चढताना लोक कुरकुरतात, पण गडावरचं पाणी आधी गुराखी आणि जनावरांचं. शिवाय आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला असेल तर टाकं कोरडं असणार हे धरूनच निघायला पाहिजे.

टाकी कोरण्यामागं कातळाचा हिशोब आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि भाकरींची चवड रचावी तसे थर बसले. घट्ट बेसॉल्टचा थर असला की तिथं उभा कडा तयार होतो, मऊ, भोकं पडलेला थर असला की तो झिजून उतार किंवा पट्टा तयार होतो. ज्यांनी टाकी खोदली त्यांना हे पुस्तकातून माहिती नव्हतं, पण कुठं खोदलं तर पाणी झिरपून जाणार नाही हे पक्कं माहिती होतं. लेणी कोरणाऱ्यांनाही तेच. इथून जवळ जंजाळ्याला घटोत्कच लेणं आहे, तिथं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, आणि त्याच वराहदेवानं अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं दान दिलंय. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी या डोंगराचा दगड ओळखणारे लोक इथं होते. सुतोंड्याच्या किल्ल्याला गेलात तर तिथंही तेच, दरवाजासाठी आख्खा डोंगर कापलाय आणि वर टाक्यांमागून टाकी. पावसाळ्यात त्यातली निम्मी गवतात हरवतात.

(दुसरा दिवस. शहराजवळचा कातळ. रोप उलगडतंय.)

चढाईची प्रॅक्टिस मात्र गडावर करत नाही. संरक्षित वास्तूच्या भिंतीला किंवा तटाखालच्या कातळाला बोल्ट मारणं आम्हाला मान्यच नाही. देवगिरीचा खडक बघितला की क्लाइंबरचे हात शिवशिवतात, मान्य आहे, यादवांच्या राजधानीचा तो डोंगर खालून असा काही तासलाय की पन्नासेक मीटर उभी गुळगुळीत भिंत झालीय, पकडायला काही म्हणून ठेवलेलं नाही. पण ती भिंत माणसानं चढू नये म्हणूनच केलेली आहे, आपण खंदकाच्या पुलावर उभं राहून मान वर करायची आणि कारागिरांना हात जोडायचे.

आमचा कातळ छोटा आहे, तीस-पस्तीस फूट. सकाळी सहाला अँकर, म्हणजे रोप अडकवायचा आधार, लावतो, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एक निसटला तरी दुसरा धरेल असा. चढाईला डायनॅमिक रोप, कारण पडल्यावर तो ताणला जातो आणि झटका अंगात बसत नाही, रॅपलिंगला, म्हणजे रोपवरून खाली उतरायला, स्टॅटिक, फारसा न ताणणारा. रोपवर पाय द्यायचा नाही, कुणीही, कधीही. इकडची माती बारीक असते, ती पायाखाली दाबली गेली की रोपच्या सालीतून आत घुसते आणि आतल्या दोऱ्यांना कापत राहते, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून खाली ताडपत्री.

जालन्याहून आलेली ही ताई पहिल्यांदाच कातळाला लागतीये. हार्नेस, हेल्मेट, आठची गाठ. गाठ तिनं स्वतः मारली, मग बिले देणाऱ्यानं, म्हणजे खालून तिचा रोप सांभाळणाऱ्यानं, बोटानं दोरीचा मार्ग मोजला, मग तिनं त्याचं लॉकिंग कॅराबिनर, म्हणजे घट्ट बंद होणारी कडी, दाबून बघितलं, एकमेकांचं एकमेकांनी तपासायचं. "बिले ऑन?" "ऑन." "क्लाइंबिंग."

दहा फूट ती झरझर गेली. मग ती क्रॅक, म्हणजे कातळातली भेग, आली. डावा पाय दोन बोटांच्या कपारीवर, उजवा हात क्रॅकमध्ये, आणि गुडघा लटलट कापायला लागला. खालून चार जण चार गोष्टी ओरडायला लागले की माणूस हमखास गोंधळतो, त्यामुळं इथं फक्त बिले देणारा बोलतो. तो म्हणाला, "ताई, टाच खाली कर. श्वास सोड. हात नाही, पाय बघ." टाच खाली आली तशी पिंढरी सैल पडली आणि कापणं थांबलं. मग तिनं वरच्या दगडावर हात नेला, आणि धरायच्या आधी बोटांच्या मागच्या बाजूनं त्याच्यावर टकटक केलं. पोकळ आवाज आला. सोडला. शेजारचा वाजवून बघितला, भरीव. धरला. आमच्या बेसॉल्टवर हे टकटक शिकल्याशिवाय पुढं जाता येत नाही, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असं हजारो वर्षं खाऊन कड्याच्या वरच्या कपच्या सुट्या झालेल्या असतात, दिसायला भक्कम, ओढल्या की हातात.

या ऋतूत कड्याला लागायच्या आधी दुर्बिणीनं आख्खा कडा बघतो, दोन कारणांसाठी. एक, शिकारी पक्षी आणि घुबडं याच दिवसांत कपारीत अंडी-पिल्लं सांभाळत असतात, तिथं रोप सोडायचा नाही, दुसरीकडं जायचं. आणि दुसरं, आग्या मोहोळ. सह्याद्री असो की अजिंठा रांग, उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरात जीव जायची सगळ्यात खरी भीती मला तरी पडण्याची वाटत नाही, माश्यांची वाटते. अत्तर, डिओ लावून यायचं नाही, धूर करायचा नाही, कड्याखाली आरडाओरडा नाही, दगड मारणं तर लांबच. उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, तोंड-नाक कपड्यानं झाका, खाली वाकून झाडीत किंवा लांब पळा, आणि काटा चिमटीत न धरता नखानं खरवडून काढा.

आगीचंही तसंच. गौताळा अभयारण्य २६० चौरस किलोमीटरचं आहे, होळीनंतर तिथलं गवत कागदासारखं पेटतं. एका विडीच्या थोटकानं टेकडी जाते. २०२१ च्या मार्चमध्ये याच जंगलात वाघ कॅमेऱ्यात आला, पार यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला. त्याला इथवर यावंसं वाटलं याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता काय सांगू. म्हणून आमच्या क्लबमध्ये गडावर चूल नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, गूळ, आणि खाली आल्यावर गावात कुणाकडं ताक मिळालं तर ताक, पैसे देऊन, कारण त्यांच्याकडंही दूध या दिवसांत आटलेलं असतं.

(परत वेताळवाडीच्या गडावर. बारादरी. कमानीतून दिसणारं धरण.)

दहा वाजायला आलेत. सगळे या कमानींखाली बसलेत, खालून धरणाच्या पाण्यावरून आलेला वारा थेट अंगावर येतो. आत्ताच एकजण डोकं दुखतंय म्हणाला, मळमळतंय म्हणाला. त्याला आडवा केला, बूट काढले, मानेवर आणि काखेत ओला रुमाल, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट. घाम येतोय ना हे हात लावून बघितलं. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर, घाम येत असला तरी, तो उष्माघात धरायचा, मग पाणी पाजत बसायचं नाही, अंग भिजवायचं, वारा घालायचा आणि उचलून थेट दवाखाना. हा अर्ध्या तासात उठून बसला, आणि पलीकडचा बुरूज बघायचा राहिला म्हणून हळहळायला लागला.

राहू दे ना. आपल्या मराठवाड्यातनं एव्हरेस्टला गेलेली माणसं आहेत, पोलीस दलातले रफिक शेख २०१६ ला, मनीषा वाघमारे २०१८ ला. मनीषाताई त्याच्या आदल्या वर्षी शिखर जवळ आलं असताना खराब हवामानामुळं मागं फिरल्या होत्या, म्हणूनच पुढच्या वर्षी परत जाता आलं. आमच्या पोरांना आम्ही मागं फिरण्याची ही गोष्ट आधी सांगतो, शिखराची नंतर.

(शेवटची दृश्यं. घमेली, फावडी, माणसांची साखळी.)

एप्रिलमध्ये ट्रेक कमी आणि हे काम जास्त. पुरातत्त्व खात्याची परवानगी काढून टाक्यांतला गाळ उपसायचा, कारण पाणी तळाला गेलेलं असतं ते याच दिवसांत. पहाटे पाच ते नऊ. गाळ चाळून बघतो, खापराचा तुकडा किंवा घडीव दगड निघाला तर जागेवर ठेवून फोटो काढून खात्याला कळवतो, कुणी घरी नेत नाही. गाळ उताराच्या बाजूला लांब टाकायचा, नाहीतर पहिल्याच पावसात परत आत. मोठं टाकं एका मोसमात होत नाही, दोन-तीन उन्हाळे लागतात.

यायचं असेल त्यांनी घासलेल्या सोलचे बूट आणू नका. आणायचं ते असं, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, चार लिटर पाणी, ओआरएस, आणि उपसायला येणार असाल तर हातमोजे. घमेली क्लबकडं आहेत, फावडी कमी पडतात, घरी असेल तर घेऊन या.