फोम आधी, काच नंतर

[दृश्य: स्टँडवर ठेवलेला सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटांवर स्वार व्हायची फळी. कडेला मुठीएवढा खड्डा, भोवती पिवळट डाग.]

खड्ड्याआधी हा पिवळट डाग बघा. इथून समुद्राचं पाणी आत शिरलंय आणि बोर्डाच्या गाभ्यातल्या फोमने ते पिऊन घेतलंय. यावर नुसतं रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं द्रव, ओतलं तर ओल आतच कोंडते. बोर्ड उन्हात तापला की वरची काच, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून कडक झालेलं काचेच्या धाग्यांचं कापड, फोमपासून सुटून फुगते आणि दुरुस्ती दुपटीने वाढते. म्हणून सुटलेली काच कटरने कापायची, खड्ड्याचं तोंड खाली करून बोर्ड सावलीत, वाऱ्यावर ठेवायचा. पावसाळ्यात आठवडे लागतात. लागू द्यावेत.

हवाईतले जुने बोर्ड अख्ख्या लाकडाचे असत. कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकाच्या अखेरीस होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्सा लाकडाच्या जागी पॉलियुरेथेन फोम आणला. पुढे अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा गाभा क्लार्क यांच्याच कारखान्यातून येई. ५ डिसेंबर २००५ रोजी त्यांनी तो अचानक बंद केला. त्यानंतर थर्माकोलच्या जातीचा फोम आणि इपॉक्सी रेझिन यांचा वापर बराच वाढला.

समोरचा बोर्ड यांतला कुठला, हे ओळखल्याशिवाय रेझिनचा डबा उघडू नका. तुटलेल्या जागी बारीक मणी दिसले तर तो थर्माकोलचा भाऊबंद. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक त्याला बघता बघता विरघळवतं. तिथे इपॉक्सीच हवं.

[दृश्य: फोमचा तुकडा खड्ड्यात बसवून बघणारे हात.]

आता खरी कारागिरी. खड्ड्याच्या कडा सरळ कापून घेतल्या, त्याच जातीच्या फोमचा तुकडा जरा मोठा ठेवून चिकटवला. वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून तो उतरवायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ फोममध्ये खळगे पडतात. दर थोड्या वेळाने डोळे मिटून तळहात कडेवरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. फोम आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा साधारण एक मिलिमीटर खाली ठेवायचा, कारण वर काचेचं कापड चढायचंय. ही पातळी चुकली तर नंतर घासताना नवी काचच झिजते आणि दुरुस्ती जिथे भक्कम हवी तिथेच पातळ होते.

बोर्डाची ताकद मुख्यतः या काचेत असते. फोम वरच्या आणि खालच्या काचेला एकमेकींपासून दूर धरून ठेवतो, आणि त्यामुळेच एवढा हलका बोर्ड माणसाचं वजन झेलतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांना पॉलियुरेथेन बोर्डाचं हे सामान नवं नाही: पॉलिएस्टर रेझिन, ते कडक करणारं हार्डनर आणि त्या कामाला वेग देणारं कोबाल्ट. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. वाफेसाठी फिल्टरवाला मास्क, हातमोजे आणि चष्मा घालूनच कामाला लागा.

कापडाचे दोन थर. दुसरा पहिल्यापेक्षा चहूबाजूंनी दोनेक सेंटीमीटर मोठा. रेझिन लागताच पांढरं कापड पारदर्शक होतं. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा अडकलीय, ती पट्टीने हलक्या हाताने बाहेर काढायची. शेवटचा हात मेणमिश्रित रेझिनचा. मेण वर येऊन हवा अडवतं, नाहीतर पॉलिएस्टरचा पृष्ठभाग चिकट राहतो आणि पॉलिश पेपर भरून जातो.

मग पुन्हा घासणं: ८०, १२०, २२० आणि शेवटी पाणी लावून ४००. घासताना कापडाची वीण उघडी पडली की तिथेच थांबा, पुसून रेझिनचा आणखी एक हात द्या. पाणी पुन्हा शिरतं ते अशाच उघड्या धाग्यांवाटे.