तापाची पाणीपातळी

मंडळी, पाणीपातळी म्हणजे काय, हे सांगलीकराला शिकवायला नको. पावसाळ्यात चहाचा कप हातात येण्याआधी आपण विचारतो, ‘आयर्विन पुलाला किती फूट?’ ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. नदीत एकूण पाणी किती, हे कुणी मोजत बसत नाही. एकच पूल, एकच पट्टी, रोज बघायची. शहरातल्या फ्लूवर नजर ठेवायची ती अशीच.

प्रत्येक तापकऱ्याला तपासणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. काही ठरावीक दवाखाने धरायचे आणि दर आठवड्याला तिथे मोजायचं. काय मोजायचं? जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सोपी आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि दुखणं गेल्या १० दिवसांतलं. नुसती सर्दी धरायची नाही. ‘डॉक्टर, जरा कणकण वाटतीय’ हेही नाही. मध्येच व्याख्या सैल केली की पट्टीच हलली.

मी दवाखान्यात वही घातली आणि पहिल्याच वर्षी फसलो. असा रुग्ण आला की पेन्सिलीनं एक उभी रेघ. ऑगस्टभर पानं भरली, आणि गणपतीच्या आठवड्यात पान जवळजवळ कोरं. मी खूश, साथ ओसरली! अहो, ओसरली कसली; लोक ताप अंगावर काढून आरतीला उभे होते. त्या आठवड्यात दवाखान्यात एकूण माणसंच कमी आली होती. तेव्हापासून शेजारी दुसरा रकाना आखला: आलेले सगळे रुग्ण. शंभरांत किती, ते बघायचं. मागच्या काही वर्षांत त्याच आठवड्यात हा आकडा किती होता, ते काढलं की आपली इशारा पातळी मिळते.

पण ताप-खोकला म्हणजे फ्लूच, असं नाही. कोरोना असेल, आरएसव्ही नावाचा श्वासनलिकेचा दुसरा विषाणू असेल; आपण सगळ्यालाच ‘व्हायरल’ म्हणून मोकळे होतो. म्हणून थोड्या रुग्णांच्या नाकाघशातला स्वॅब घेऊन थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. फ्लू असेल तर त्याचा प्रकार कुठला, एच१एन१ आहे, एच३एन२ आहे की बी, हे तिथे कळतं. या चिकाटीचं मोल बघा: बी-यामागाता नावाचा फ्लूचा एक वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीनं सापडलेला नाही. म्हणूनच चार विषाणूंच्या लशीतून त्याला वगळून पुन्हा तीनच ठेवायची शिफारस झाली. नाहीसं झालेलं कळायलाही मोजणारा लागतो.

आता हंगाम. पाश्चात्त्य पुस्तकांत फ्लू हिवाळ्यातला. श्रीनगरलाही तसंच. आपल्याकडे मात्र मुख्य भर जुलै ते सप्टेंबर, आणि जानेवारी ते मार्चमध्ये कधी कधी दुसरा उंचवटा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही ऑगस्टमध्येच.

कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो, तसंच इथेही. पोरं आधी तापतात, मग घरातले आजी-आजोबा, आणि त्यानंतर मिरजेतल्या रुग्णालयांत खाटा भरू लागतात. दवाखान्याच्या वहीत रेघा वाढल्या की हाती थोडे दिवस असतात.

लस कधी घ्यायची, असं मघाशी एका काकूंनी विचारलं. काकू, अंगात ताकद यायला तिला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा मे महिन्यात, लोणच्याच्या कैऱ्या आणायला निघाल की त्याच फेरीत.