पाण्याचा रंग गेला, पण रंगद्रव्य गेलं कुठे?

नमस्कार मंडळी! कडुनिंबाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, तयार केले, निळ्या पाण्यात चार थेंब टाकले आणि बघता बघता पाणी नितळ झालं, असे व्हिडिओ तुम्ही मला सारखे पाठवताय. खाली प्रश्न एकच: "मॅडम, हे खरं आहे का?" पाणी रंगहीन होतं, हे खरं आहे. पण ते स्वच्छ झालं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आज मी त्यावरच बोलणार आहे.

कण कसे करायचे ते झटपट सांगते. पाला धुवायचा, डिस्टिल्ड पाण्यात उकळायचा, गाळायचा. सिल्व्हर नायट्रेटचं सौम्य द्रावण घ्यायचं, लिटरला साधारण 0.17 ग्रॅम, आणि त्यात हा अर्क घालायचा. पाल्यातली पॉलिफेनॉलं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, चांदीचे अणू एकत्र येऊन कण होतात आणि पाल्यातलीच द्रव्यं त्या कणांना वेढून बसतात. द्रावण पिवळसर, मग तपकिरी होतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, 400 ते 450 नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसलं की समजायचं, कण झालेत. नळाचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्लोराइडमुळे पांढरा साका बसतो. हातमोजे घाला, नाहीतर बोटांवरचे काळे डाग बरेच दिवस जात नाहीत. एवढंच.

आता मुद्द्याकडे. [निळी बाटली हातात] यात मिथिलिन ब्लू हे निळं रंगद्रव्य आहे. बहुतेक व्हिडिओंत हेच असतं. आणि त्या व्हिडिओंत नॅनोकणांबरोबर आणखी एक गोष्ट पडते, जिचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही: सोडियम बोरोहायड्राइड. हे जबर क्षपणक आहे, म्हणजे समोरच्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकणारं. चांदीचे कण फक्त मधले दलाल, बोरोहायड्राइडचे इलेक्ट्रॉन रंगद्रव्याकडे पोचवणारे. रंगद्रव्याला ते मिळाले की त्याचं रंगहीन रूप तयार होतं, ल्यूको मिथिलिन ब्लू. रेणू तुटलेला नसतो. तो तिथेच, त्याच पाण्यात असतो.

आमच्याकडे विज्ञान प्रदर्शनात मुलींच्या एका गटाने हाच प्रयोग मांडला होता. संध्याकाळी बाटली रंगहीन होती. सकाळी पाहिलं तर वरचा, हवेला लागून असलेला थर निळा! मुली घाबरल्या, बाटली ओतून टाकायला निघाल्या. मी म्हटलं, थांबा गं, तुमच्या अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच आहे. बाटली हलवली, सगळीच निळी झाली. हवेतल्या ऑक्सिजनने रंग परत आणला होता.

म्हणून सांगते: रंग गेला म्हणजे रंगद्रव्य गेलं असं नाही.

एका दादांनी लिहिलंय, "मिथिलिन ब्लूचं सोडा, कापडाच्या खऱ्या रंगांचं सांगा." अगदी योग्य. कापडाच्या रंगांत मोठा वाटा ॲझो रंगांचा. दोन नायट्रोजनांमधला दुहेरी बंध हा त्यांचा कणा. तो तुटला की रंग जातो आणि हा परत येत नाही. मग काम झालं? नाही! बंध तुटल्यावर जे दोन तुकडे राहतात, ते ॲरोमॅटिक अमाइन असतात. त्यातले काही मूळ रंगापेक्षा घातक आहेत. बेन्झिडिन कर्करोगकारक आहे आणि ते ज्या रंगांतून सुटतं, त्यांच्यावर आपल्याकडे 1990च्या दशकातच बंदी आली. तुमच्या रंगातून नेमकं काय सुटतं, हे डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतं.

तिसरी बाजू. कधीकधी रेणूला काहीच होत नाही, तो नुसता कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो. वर पाणी नितळ, खाली रंगीत गाळ. केर झाडून पलंगाखाली लोटला, तसं. तो गाळ टाकणार कुठे?

प्रकल्प करणाऱ्या मुलांनो, म्हणून अंधारातली बाटली हवीच हवी. प्रकाशात काम करणारे झिंक ऑक्साइडचे कण वापरत असाल तर एक बाटली उन्हात आणि तशीच एक काळ्या कागदात गुंडाळून अंधारात. अंधारातही रंग उतरला तर तेवढं काम चिकटण्याचं आहे, प्रकाशाचं नाही. ही बाटली नसलेले अहवाल मी इतके पाहिलेत की आता पहिलं तेच पान उलटून बघते.

आणि सीओडी मोजा. पाण्यातली सेंद्रिय घाण ऑक्सिडाइझ करायला किती ऑक्सिजन लागतो, त्याचा हा आकडा. आपल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तो लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत हवा. रंग संपला आणि सीओडी तेवढाच राहिला, तर काहीच साफ झालेलं नाही. उलट पाल्याचा अर्कही सेंद्रियच, तो जास्त पडला तर सीओडी वाढेल!

मग वनस्पतींपासून केलेल्या कणांचा उपयोग नाही का? आहे, आणि मला त्याची मनापासून आशा आहे. झिंक ऑक्साइडवर अतिनील किरण पडले की हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्यावर तुटून पडणारे अतिक्रियाशील तुकडे, तयार होतात आणि ते रेणूचे खरोखर तुकडे तुकडे करतात, पुरेसा वेळ दिला तर थेट कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत. चहाच्या अर्कापासून लोहाचे कण करता येतात, त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइडची जोड दिली की तीच रॅडिकल मिळतात. लोह स्वस्त आहे आणि चांदीइतकं जलचरांना मारक नाही. ईटीपीतले, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले, घाण खाणारे जिवाणू चांदीने मरतात, हे तर कुणी बोलतच नाही.

पण प्रयोगशाळेतलं पाणी आणि इचलकरंजीतल्या एखाद्या प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यातून, बाहेर पडणारं पाणी यांत फार अंतर आहे. आपण लिटरला दहा मिलिग्रॅम एकच रंग घेतो. तिथे तीन-चार रंग एकत्र, रिॲक्टिव्ह रंगाईचं लिटरला कित्येक ग्रॅम मीठ, सोडा, सुताला मजबुतीसाठी लावलेली सायझिंगची खळ. क्लोराइड आणि कार्बोनेट ती रॅडिकल वाटेतच खाऊन टाकतात. पाणी इतकं गडद की ऊन आत शिरत नाही, आणि उन्हात अतिनील भाग मुळात पाच टक्क्यांच्या आसपास. पंचगंगेकाठच्या माणसाला या नदीचं दुखणं मी सांगायला नको. त्या नदीसाठी उपाय शोधायचा तर त्या नदीत जाणाऱ्या पाण्यावरच प्रयोग हवेत.

एका काकांनी विचारलंय, "विहिरीत टाकायला किती पावडर लागेल?" काका, कृपा करून अजिबात टाकू नका. ते कण पाण्यातून परत काढायचे कसे, हा प्रश्न सुटलेला नाही आणि ते पाणी तुम्ही, जनावरं, सगळेच पिणार.

ज्यांचा या वर्षी प्रकल्प आहे, त्यांनी परवानगी काढून रंगाईचं खरं पाणी आणा. एक बाटली उन्हात झिंक ऑक्साइडच्या कणांसकट, एक अंधारात कणांसकट, एक उन्हात कणांशिवाय. आधीचा आणि नंतरचा सीओडी घ्या, आणि शेवटी पाण्यात किती जस्त (झिंक) उतरलं तेही तपासून घ्या. रंग तीस टक्केच उतरला तरी चालेल, आकडे मला पाठवा. पुढच्या व्हिडिओत ते सगळ्यांसमोर मांडू.