उसना नायक: डॉन किहोतेच्या दोन दुसऱ्या भागांची गोष्ट

इ.स. 1614 मध्ये स्पेनमधील तारागोना या शहरात एक पुस्तक छापले गेले. डॉन किहोतेच्या कथेचा हा दुसरा खंड आहे, असे त्याच्या शीर्षकपृष्ठावर म्हटले होते आणि लेखक म्हणून तोर्देसियास गावच्या आलोन्सो फेर्नान्देस दे आव्हेयानेदा याचे नाव दिले होते. स्वतःला शूर सरदार समजणारा डॉन किहोते, त्याचा सेवक सांचो पांझा आणि त्यांचे वेड ज्याने जन्माला घातले, तो मिगेल दे सर्व्हांतेस तेव्हा माद्रिदमध्ये हयात होता. त्याचा पहिला भाग 1605 मध्ये निघाला होता आणि दुसरा भाग लवकरच येईल, असे त्याने 1613 मध्ये आपल्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत जाहीरही केले होते. आव्हेयानेदा हे टोपणनाव होते. त्यामागचा माणूस कोण, याविषयी अभ्यासकांनी अनेक तर्क लढवले, पण आजवर एकही निर्विवाद ठरलेला नाही.

दुसऱ्याची पात्रे घेऊन आपली कथा लिहिणाऱ्याला आज आपण फॅन फिक्शनचा लेखक म्हणतो आणि त्याने केले ते योग्य की अयोग्य, यावर हिरिरीने वाद घालतो. चारशे वर्षांपूर्वीचे हे प्रकरण त्या वादासाठी फार उपयोगी आहे, कारण यात वाङ्मयचौर्य नाही. आव्हेयानेदाने सर्व्हांतेसची वाक्ये उचलली नाहीत, स्वतःला सर्व्हांतेस म्हणवून घेतले नाही, आणि मूळ कथा कोणाची हेही लपवले नाही. तरीही त्याने अन्याय केला, असे बहुतेक वाचकांना वाटत आले आहे. तो अन्याय नेमका कोणता, हे पाहायला हवे.

पुढचा भाग लिहिणे हा त्या काळी गुन्हा नव्हता. शूर सरदारांच्या ज्या कादंबऱ्या वाचून डॉन किहोतेचे डोके फिरले, त्यांची पुढची कांडे वेगवेगळ्या लेखकांनी लिहिली होती. इटलीत कवी आरिओस्तोने आपले महाकाव्य रचले ते आधीच्या बोयार्दो या कवीने अपुरे सोडलेल्या काव्याचा धागा उचलून. राजाने दिलेला छपाईचा परवाना ठरावीक पुस्तकापुरता असे. पात्रांवर कोणाची मालकी असू शकते, ही कल्पनाच कायद्याला ठाऊक नव्हती. इतकेच नव्हे, तर सर्व्हांतेसने स्वतःच दार उघडे ठेवले होते. पहिल्या भागाच्या शेवटी डॉन किहोते पुढे सारागोसा शहरातल्या स्पर्धांना गेला, एवढी ऐकीव बातमी देऊन तो थांबतो आणि शेवटची ओळ आरिओस्तोची घेतो, जिचा आशय असा, की कदाचित दुसरा कोणी याहून चांगल्या सुरांत हे गाईल. आव्हेयानेदाने हा धागा बरोबर पकडला आणि आपल्या नायकाला सारागोसालाच नेले.

शिवाय ही कथा आपली नाहीच, असा सर्व्हांतेसचा आव आहे. सिदे आमेते बेनेंगेली नावाच्या अरब इतिहासकाराचे हस्तलिखित आपल्याला तोलेदोच्या बाजारात सापडले आणि थोडे मनुके व थोडा गहू देऊन ते आपण भाषांतरित करून घेतले, असे तो गंभीर चेहऱ्याने सांगतो. ज्याने लेखकपणाचीच अशी थट्टा मांडली, त्याने दुसऱ्याने केलेल्या उसनवारीवर चिडावे, यात गंमत आहे खरी.

मग त्याला लागले ते काय? आव्हेयानेदाची प्रस्तावना उघडली की उत्तर मिळते. तो सर्व्हांतेसला म्हातारा म्हणतो, मत्सरी म्हणतो, आणि याला हातांपेक्षा जीभच जास्त आहे, असा टोमणा मारतो. सर्व्हांतेसचा डावा हात 1571 मध्ये लेपांतोच्या आरमारी लढाईत निकामी झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाची जात कळते. त्याच प्रस्तावनेत तो असेही सुचवतो, की तुझ्या दुसऱ्या भागाची कमाई मी हिरावून घेतो आहे, त्याबद्दल खुशाल तक्रार कर. पात्रांची उसनवारी एक वेळ सोडून देऊ. पण सदुसष्ट वर्षांच्या, आयुष्यभर पैशांची ओढाताण सोसलेल्या लेखकाची चालती कथा घ्यायची, त्याचे उत्पन्न बुडवायचे आणि वर त्याच्या जायबंदी हाताची टिंगल करायची, याला कोणत्याही काळात सभ्यपणा म्हणता येणार नाही. श्रेय दिले म्हणून हे फिटत नाही.

सर्व्हांतेसचे उत्तर 1615 मध्ये त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या भागातून आले. प्रस्तावनेत तो शिवीगाळ टाळतो. आपला हात कुठल्या दारूच्या गुत्त्यात गेलेला नाही, एवढेच सुनावतो, आणि मग सेव्हियाच्या एका वेड्याची गोष्ट सांगतो. हा वेडा पोकळ वेताची नळी लावून कुत्र्याला फुंकून फुगवी आणि जमलेल्या लोकांना विचारी, की कुत्रा फुगवणे हे काय सोपे काम वाटले तुम्हांला? पुस्तक लिहिणे तरी सोपे वाटते का, असा प्रश्न सर्व्हांतेस त्याला जोडून टाकतो.

खरी करामत मात्र एकोणसाठाव्या प्रकरणात आहे. डॉन किहोते एका खाणावळीत उतरला आहे आणि शेजारच्या खोलीत दोन गृहस्थ जेवणापूर्वी त्याच्याच कथेचा दुसरा भाग वाचू या म्हणत आहेत. तो भाग आव्हेयानेदाचा आहे. डॉन किहोतेचे आता आपल्या प्रेयसीवर, दुल्सिनेआवर, प्रेम उरलेले नाही, असे त्यात लिहिले आहे हे कानी पडताच आमचा नायक भिंतीआडूनच गरजतो. पुस्तक हाती आल्यावर तो ते चाळतो आणि एखाद्या चोखंदळ समीक्षकासारखे तीन दोष दाखवून परत करतो: प्रस्तावनेतील काही शब्द, आरागोन प्रांताच्या वळणाची भाषा, आणि सांचोच्या बायकोचे नाव. ती तेरेसा पांझा असताना या गृहस्थाने तिला मारी गुतिएर्रेस केले. ज्याला एवढे साधे कळत नाही, तो बाकीच्या गोष्टींतही चुकणारच, असा निवाडा तो देतो. आता मौज अशी, की पहिल्या भागात सर्व्हांतेसने स्वतःच त्या बाईला मारी गुतिएर्रेस हेही एक नाव दिले होते. आरोप लटका आहे, पण त्यामागची अपेक्षा मला रास्त वाटते: दुसऱ्याची पात्रे घेणाऱ्याने निदान मूळ पुस्तक नीट वाचलेले असावे. आव्हेयानेदाचा सांचो केवळ खादाड आणि बावळट आहे. मूळ सांचोचा बेरकीपणा आणि धन्यावरची माया त्याच्या हाती लागलीच नाही, आणि माझ्या मते त्याचा मोठा अपराध तोच.

त्या रात्रीनंतर डॉन किहोते सारागोसाला जाण्याचा बेत मोडतो आणि बार्सेलोनाचा रस्ता धरतो, केवळ दुसऱ्या लेखकाला खोटे पाडण्यासाठी. आणखी पुढे, बहात्तराव्या प्रकरणात, त्याला डॉन आल्व्हारो तार्फे भेटतो. हे पात्र आव्हेयानेदाचे. सर्व्हांतेसने ते सरळ उचलून आपल्या कादंबरीत आणले आहे. गावचा न्यायाधिकारी आणि लेखनिक यांच्यासमोर तार्फेकडून रीतसर जबानी घेतली जाते, की छापील दुसऱ्या भागातील डॉन किहोते तो हा नव्हे. दोन वेगळ्या लेखकांची पात्रे एकाच सरायीत समोरासमोर बसवणे हा आजच्या फॅन फिक्शनचा अगदी आवडता खेळ आहे. ज्याच्यावर उसनवारी झाली, त्यानेच तो इतक्या सफाईने खेळून दाखवला.

आजच्या चाहत्या लेखकांचे संकेत या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगे आहेत. 2009 पासून चालू असलेल्या आर्काइव्ह ऑफ अवर ओन या ना-नफा संग्रहात लक्षावधी कथा विनामूल्य वाचता येतात, आणि मूळ कृतीचे नाव प्रत्येक कथेच्या माथ्यावर असते. कमाईचा प्रश्न त्यामुळे बराच सुटतो. पण अवमानाचा सुटत नाही. अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस हिने 2000 मध्ये आपल्या वाचकांना स्पष्ट सांगितले होते, की माझ्या पात्रांवर कथा लिहू नका, त्याने मी व्यथित होते. हयात लेखकाने इतके उघड सांगितल्यावर आपली कथा वहीत ठेवावी, चारचौघांत मांडू नये, असे मला वाटते. अनेक चाहते मात्र वाचकाच्या कल्पनेवर लेखकाचा हुकूम चालत नाही असे मानतात, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 लेखकाला त्याच्या कृतीच्या बदनामीकारक विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा वेगळा हक्क देते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की त्याची कृती आर्थिक हक्कांच्या दृष्टीने सर्वांना खुली होते. मराठी वाचकाला महाभारतातील पात्रांवरच्या कादंबऱ्यांची इतकी सवय आहे, की हयात लेखकाच्या बाबतीत गणित बदलते हे त्याच्या चटकन ध्यानात येत नाही. व्यासांचे उत्पन्न बुडत नाही आणि त्यांना कोणी म्हातारा म्हणून हिणवलेही नाही.

सर्वांत कडक नियम चाहत्यांनी आपसांत घालून घेतला आहे. प्रसिद्ध कादंबरीतील नायक कोणालाही विचारल्याशिवाय घ्यावा. पण दुसऱ्या चाहत्याने स्वतः रचलेले पात्र घ्यायचे असेल, तर आधी त्याला विचारावे आणि नंतर ऋणनिर्देश करावा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. सर्व्हांतेसने तार्फेला घेताना त्याचा ग्रंथ कोणता, हे कथेतच उघड सांगितले. परवानगी मात्र मागितली नाही. ज्याचे खरे नाव पुस्तकावर छापलेलेच नव्हते, त्याला पत्र धाडायचे तरी कोणत्या पत्त्यावर, हा प्रश्न होताच. आजचे चाहतेही बहुधा टोपणनावानेच लिहितात, पण त्यांच्या कथेखाली निरोप लिहिण्याची सोय असते.